तीन दिवसांचं पाणी

१

नोटीस घराच्या दारावर चिकटवली होती. छापील मजकुराच्या मधल्या रिकाम्या जागेत पेनाने भरलं होतं, "स्वयंपाकघरातील पिंपात डासांच्या अळ्या व कोष मोठ्या संख्येने आढळले." तारीख पंधरा. त्या घरातली नऊ वर्षांची मुलगी आदल्या दिवशी, चौदा तारखेला पहाटे डेंग्यूने गेली होती.

मी कपड्यांचं बोचकं घेऊन गेले होते. घराखालीच इस्त्रीचं दुकान आहे आणि गेली सहा वर्षं माझे कपडे तिथेच जातात. गावाला गेले होते म्हणून दहा दिवसांनी फिरकले, तर दुकानाचं शटर अर्धं खाली. इस्त्रीवाली टेबलापाशी बसली होती. इस्त्री थंडगार, टेबलावर एकही कपडा नाही.

"परत न्या बाई," ती म्हणाली. "माझ्याकडे आता कुणी टाकत नाही. ह्या घरातले डास कपड्यांतून आपल्याकडे येतील म्हणतात."

लोकांच्या अकलेबद्दल मी काही बोलायचं सोडून दिलं आहे. एकतीस वर्षं मी आरोग्य खात्याच्या कीटक विभागात काढली, घराघरांत शिरून अळ्या शोधल्या. लोक मला डासबाई म्हणायचे. तोंडावर नाही, पण मला ऐकू यायचं. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, खुर्ची सुटली, नाव सुटलं नाही.

नोटिशीखाली मास्तरची सही होती. मास्तर म्हणजे विभागाचा पर्यवेक्षक. शाळाशाळांतून डासांचा तक्ता घेऊन समजावत फिरतो म्हणून हे नाव पडलं. माझ्या हाताखाली शिकलेला, सगळ्यांत हुशार. त्याची सही असली की मी कागद दुसऱ्यांदा वाचत नाही, इतका माझा त्याच्यावर भरवसा.

"हे डेपोतून येतात आणि परस्पर दिराकडे झोपायला जातात," इस्त्रीवाली म्हणाली. 'हे' म्हणजे तिचा नवरा, बसडेपोत मेकॅनिक. "नोटीस लागली त्या दिवशी एकदाच बोलले. पिंप सांभाळायचं एवढंही जमलं नाही तुला, म्हणाले. तेव्हापासून एक शब्द नाही."

मी काहीबाही समजुतीचं बोलायला लागले. तिने मला मध्येच थांबवलं.

"समजूत काढू नका. तुम्ही त्या खात्यातल्या. माझ्या पिंपाने मारलं का तिला, एवढं सांगा. हो असेल तर हो म्हणा, मी ऐकून घेईन. पण तपासून सांगा."

खरं सांगायचं तर तिथून निघून जावंसं वाटत होतं. उत्तर नोटिशीवर होतंच आणि ते तिच्या तोंडावर म्हणायची माझ्यात हिंमत नव्हती. म्हणून उगीच काहीतरी विचारायचं तसं विचारलं, "पिंप शेवटचं भरलंस कधी?"

"रविवारी. बारा तारखेला. चार दिवसांनी पाणी येतं आम्हाला. सकाळी घासलं, पाणी आल्यावर भरलं."

"मग पंधरापर्यंत पुन्हा पाणी भरलं नाहीस?"

"पंधराला मी कुठे शुद्धीत होते, बाई."

रविवार ते बुधवार, तीन दिवस. तीन दिवसांच्या पाण्यात बारीक अळ्या दिसू शकतात. पण अळी वाढून तिचा कोष व्हायला, तो स्वल्पविरामासारखा वाकडा किडा दिसायला, उन्हाळा कितीही कडक असो, सहासात दिवस लागतात. नोटिशीत कोष लिहिले होते. म्हणजे एक तर ही बाई खोटं बोलत होती, नाही तर नोटीस.

२

ह्या दोघींतलं कोण खरं ते सांगायला मला शत्रू पक्षाचाच साक्षीदार मिळाला. इस्त्रीवालीची जाऊ त्याच इमारतीत तळमजल्यावर राहते. दोघींचं विळ्याभोपळ्याचं सख्य.

"ती निष्काळजी आहेच," जाऊ म्हणाली. "दुधावर झाकण नाही, दाराला कडी नाही. मी काय आज बोलत नाही. पण पिंप तिने घासलं. रविवारी पाणी उशिरा आलं, तोवर ते उलटं करून जिन्यात ठेवलं होतं. अंधारात माझ्या नडगीला लागलं. हे बघा."

नडगीवर पिवळा पडत चाललेला डाग होता.

"मी तिला तेव्हा नको नको ते बोलले. त्या बिचारीने उलट उत्तरही दिलं नाही, पोर तापाने पडलेली. तिची बाजू मी का घेईन? पण कोरडं होतं पिंप. कोरडं ठणठणीत."

जावेने जावेच्या बाजूने दिलेली साक्ष मी तरी खरी मानते.

तिथून मी थेट प्रयोगशाळेत गेले. आरोग्य अधिकारी बाई माझ्या जुन्या ओळखीच्या. त्यांनी दोन दिवस काय हवं ते बघू द्या असं फोनवर सांगितलं होतं. प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञाला सगळे भिंग म्हणतात. चष्मा तसा आहे म्हणून आणि स्वभावही. मी कामावर असताना त्याची मोजणी दोनदा परत पाठवली होती, ते त्याने मनात ठेवलं आहे.

"पेन्शन पुरत नाही वाटतं," तो म्हणाला, पण बाटली काढून दिली.

बाटलीवर घराचा पत्ता, तारीख पंधरा, अक्षर धूरवाल्याचं. धुराचं मशीन चालवणारा माणूस, नमुन्यांच्या चिठ्ठ्याही तोच लिहितो. भिंगने त्याच दिवशी अल्कोहोल घातल्यामुळे आतला ऐवज जसाच्या तसा होता. बावीस अळ्या, नऊ कोष. अळ्या सगळ्या पोसलेल्या. दिवसादोनदिवसाची एकही नाही.

माझ्या मनात पाल चुकचुकली ती भिंगवरच. त्याच्या खिडकीत चार ट्रे होते. औषधाचा जोर तपासायला तो अळ्या पाळतो. कुणाच्या बाटलीत अळ्या घालायच्या तर त्याच्याइतकी सोय कुणाची नाही.

"ह्यांना खायला काय घालतोस?"

"बिस्किटाचा चुरा. स्वच्छ पाणी. तुमच्या वेळेपासून तेच आहे."

मी बाटलीच्या तळाशी बसलेला गाळ काचपट्टीवर घेतला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला. बिस्किटाचा कणही नव्हता. होत्या त्या पिवळ्या, मऊ पडलेल्या काड्या. कुजलेलं गवत.

ते गवत मी ओळखलं. शहरभर आमच्या खात्याचे चाळीस सापळे ठेवलेले असतात. सापळा म्हणजे काळा डबा, निम्मा पाण्याने भरलेला, आत एक लाकडी पट्टी. पाण्यात आठवडाभर कुजवलेलं सुकं गवत घालतात. त्या वासाला डासाची मादी येते आणि पाण्याच्या वरच्या कडेला अंडी चिकटवून जाते. आठवड्याने डबा आणायचा, अंडी मोजायची, की कुठे डास वाढताहेत ते कळतं. मग डबा ब्रशने खसाखसा घासायचा, कारण अंडी नुसत्या धुण्याने निघत नाहीत. कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने जिवंत राहतात आणि पाणी लागलं की फुटतात. गवताची ही कृती माझी. मीच सुरू केली.

घरच्या पिंपात नळाचं पाणी असतं. गवत नसतं. बाटली पिंपातून भरलेलीच नव्हती. ती आमच्याच सापळ्यातून भरली होती.

"ही तुझ्या हातात कोणी दिली?"

"मी दारात चपला काढत होतो. बघितलं तेव्हा भरलेलीच होती." भिंगने रजिस्टर माझ्याकडे सरकवलं. "नमुना कोणी घेतला ते लिहिलंय. वाचता येतं तुम्हाला."

नमुना घेणारा, धूरवाला.

३

धूरवाला अंगणात मशीन पुसत बसला होता. धिप्पाड माणूस, पण वीस वर्षं धूर खाऊन आवाज बसलेला.

"त्या इस्त्रीवालीशी तुझं काय वाकडं आहे?" मी सरळच विचारलं. मी निघताना जावेने त्यांच्या भांडणाचं कानावर घातलं होतं.

"गणवेशाचा शर्ट जाळला तिने. पाठीवर इस्त्रीएवढं भोक. मी चार शब्द बोललो, तिने पाच ऐकवले." तो थांबला. "म्हणून मी तिच्या घरात अळ्या टाकीन? माझी पण मुलगी तिच्या मुलीच्याच शाळेत आहे, बाई."

"रजिस्टरात नमुना तू घेतलास असं आहे."

"मी कुठला घेतोय. आम्ही तिघं गेलो होतो, मास्तर, भिंग आणि मी. आत शिरल्याशिरल्या मला गच्चीवर पाठवलं टाकी बघायला. उतरलो तर बाटली भरून तयार. मला म्हणाले चिठ्ठी लिही. मी लिहिली. मी हुकमाचा ताबेदार."

"कोण म्हणालं?"

तो मशीनची तोटी पुसत राहिला. कोरडी तोटी तो तीनदा पुसतोय हे मला दिसत होतं.

"माझी तीन वर्षं राहिलीत नोकरीची," शेवटी तो म्हणाला.

जास्त ताणलं तर तुटेल हे माझ्या लक्षात आलं. मी विषय बदलला. ह्या महिन्यात कुठे कुठे धूर मारला ते विचारलं. त्याने भराभर गल्ल्या सांगितल्या. मग जरा घुटमळून म्हणाला, "आणि रविवारी केंद्रात."

"कुठल्या केंद्रात?"

"आपल्या आरोग्य केंद्रात. मागच्या बाजूला. बारा तारीख. सुट्टीच्या दिवशी घरून बोलावून घेतलं. झुरळं झालीत म्हणे. वहीत लिहू नको, पेशंट घाबरतील."

झुरळांना कुणी हवेत धूर सोडत नाही. झुरळं फटीत बसतात, त्यांना पेस्ट लावतात. वीस वर्षांचा अनुभव असलेल्या माणसाला हे माहीत असतं आणि त्याला हे सांगणाऱ्यालाही. धूर उडणाऱ्या डासांसाठी असतो.

४

मला एकूण अकरा रुग्णांची यादी मिळाली होती. खात्याच्या नकाशावर अकरा टाचण्या. त्यातल्या चार इस्त्रीवालीच्या गल्लीत आणि बाकीच्या इकडेतिकडे. नकाशा बघून सगळ्यांनी गल्लीवर बोट ठेवलं होतं. पिंप ओतल्यावर अठरा तारखेनंतर कुणी नवा आजारी पडला नाही, म्हणून ते बोट पक्कं झालं.

खात्याच्या छापील फॉर्ममध्ये घरचा पत्ता विचारतात. घरात पाणी साठवता का, हेही विचारतात. दिवसा कुठे असता हे विचारत नाहीत. तो फॉर्म माझ्या आधीचा आहे आणि मी एकतीस वर्षं तो तसाच भरून घेतला. हा डास दिवसा चावतो, सकाळी आणि दुपार कलताना, हे मला झोपेतसुद्धा सांगता येईल. तरी रात्री माणूस जिथे झोपतो तिथेच आम्ही टाचणी टोचत आलो.

दीड दिवसात मी नऊ घरं केली. प्रत्येकाला एकच विचारलं. ताप येण्याआधीच्या आठवड्यात दिवसा कुठे कुठे बसलात?

गवंड्याच्या हाताला टाके पडले होते, ते काढायला गेला होता. निवृत्त पोस्टमन रक्तदाबाच्या गोळ्या आणायला गेला होता. सात महिन्यांची गरोदर बाई वजन करायला गेली होती. ती वाचली होती, पोटातलं वाचलं नव्हतं. दोन भावंडांना लस टोचून आणली होती. एक जण म्हाताऱ्या वडिलांसोबत गेला होता, नुसता बसून राहिला.

"कुठे बसलात?"

"आत बाकावर. खिडकीखालच्या. नंबर येईपर्यंत तासभर तरी जातोच."

नऊच्या नऊ घरांतले सगळे रुग्ण आरोग्य केंद्रात जाऊन आले होते. मग मी पुन्हा इस्त्रीवालीकडे गेले.

"सायकलवरून पडली होती," ती म्हणाली. "गुडघा फुटला होता. एक तारखेला आणि तीन तारखेला नेलं पट्टी बदलायला. आठला ताप आला. नऊला परत नेलं तर साधा ताप म्हणाले, गोळी दिली."

"बसला कुठे होतात?"

"खिडकीखाली. तिला बाहेरचं बघायला आवडायचं."

संध्याकाळी केंद्र बंद व्हायच्या आधी मी त्या बाकावर जाऊन बसले. भिंतीवर मास्तरचा तक्ता होता, अंडं, अळी, कोष, डास, रंगीत चित्रं. माझ्या देखत काढलेला. पाठीमागच्या खिडकीला जाळी नव्हती. मी उठून बाहेर डोकावले. मागे अरुंद, ओलसर अंगण. गच्चीवरच्या टाकीचा पाइप भिंतीवर पाझरत होता आणि खाली शेवाळ धरलं होतं. त्या हिरव्या शेवाळात गोल गोल उघडे ठसे होते, रांगेने.

मी ते मोजले. चाळीस.

५

केंद्रात झाडलोट करणाऱ्या मावशी माझ्याइतक्याच जुन्या. त्यांना विचारताना फार लांबून सुरुवात करावी लागली नाही.

"तुमचे ते काळे डबे हो," त्या म्हणाल्या. "महिनाभर तिथेच पडले होते. पूर्वी ब्रश घेऊन घासायला एक माणूस होता, तो गेला तो परत आला नाही. मी म्हटलं, हे कोण नेणार? तर म्हणाले उद्या घासतो. शनिवारी मी गेले तेव्हा होते. सोमवारी आले तर एकही नाही. गच्चीवर उन्हात उलटे घातलेले."

"अंगणाच्या दाराची चावी कुणाकडे असते?"

"एक माझ्याकडे. एक मास्तरांकडे."

मला हे उत्तर माहीत होतं. तरी ते ऐकल्यावर मी मावशींच्या स्टुलावर बसले. मुलगा नाही मला. असता तर त्याच्याविषयी असं काही ऐकताना जे झालं असतं तेच झालं.

मास्तर त्याच्या खोलीत शाळेसाठी तक्ते गुंडाळत होता. मला बघून उभा राहिला. अजून उभा राहतो.

"बस," मी म्हटलं. "मी बोलते, चुकलं तर सांग. सापळे गोळा करून आणलेस. अंडी मोजलीस. डबे घासायला माणूस नव्हता म्हणून मागच्या अंगणात रचून ठेवलेस. अंडी कडेला तशीच राहिली. टाकीचा पाइप गळायला लागला, डबे भरले, अंडी फुटली. वर खिडकी, खिडकीत माणसांची रांग. त्यात कुणीतरी एक डेंग्यूचा ताप घेऊन आला. पुढचं डासांनी केलं. माणसं बरी व्हायला यायची आणि आजार घेऊन जायची."

तो हातातला तक्ता आणखी घट्ट गुंडाळत राहिला.

"बारा तारखेला, रविवारी, तू मागे गेलास आणि डबे बघितलेस. ओतलेस. धूर मारून घेतलास, वहीत लिहू दिला नाहीस. पंधराला इस्त्रीवालीच्या घरात धूरवाल्याला गच्चीवर पाठवलंस, भिंग दारात होता. तेवढ्यात पिंपात हात घालून खिशातली बाटली बाहेर काढलीस."

"हे गवतावरून काढलंत तुम्ही," मास्तर म्हणाला.

"गवतावरून, कोषांवरून. तीन दिवसांच्या पाण्यात कोष, हे तुझ्या तक्त्यातसुद्धा चुकीचं आहे. पिंप शेवटचं कधी भरलं हे तू विचारलं नाहीस. ज्या घरात मूल गेलंय तिथे कोण विचारणार."

त्याने तक्ता खाली ठेवला. "केंद्र बंद केलं असतं, मॅडम. लोक यायचेच थांबले असते. ती गरोदर बाई, टाक्यांचा माणूस, सगळे कुठे गेले असते? चाळीस डबे आणि एकटा मी. रोज उद्या घासू म्हणत होतो. तुम्ही असतात तर तुम्हीही..."

"मी असते तर मीही कदाचित उद्यावर टाकलं असतं," मी म्हटलं आणि ते खरं होतं. "पण कुणाच्या आईच्या डोक्यावर खापर नसतं फोडलं."

तो रडायला लागला. मला त्याची दया आली नाही, हे इथे लिहून ठेवते. आरोग्य अधिकाऱ्यांना जायचा अहवाल मी त्याच्याच टेबलावर बसून लिहिला, त्यानेच सही केली. मग मी त्याला सांगितलं की कागद वर जाण्याआधी एक काम आहे. नोटीस त्याने गल्लीदेखत लावली होती. अहवालही गल्लीदेखत वाचायचा.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी नळाला पाणी यायची वेळ होती, त्यामुळे सगळे खालीच होते. जाऊ, शेजारपाजार, बादल्या धरून. इस्त्रीवाली दुकानाच्या पायरीवर बसली होती. धूरवाला न बोलावता आला आणि कडेला उभा राहिला.

मास्तर शाळेत समजावतो त्या आवाजात वाचायला गेला, तो जमला नाही. खालच्या पट्टीत, शब्द गिळत वाचलं. डबे, पाइप, बाक, बाटली. ह्या घरातील पिंपात अळ्या आढळल्या नव्हत्या. जावेने नळ बंद केला, कुणाची तरी बादली अर्धीच भरलेली असताना, आणि त्याबद्दल कुणी तक्रार केली नाही.

वाचून झालं. मला वाटलं, आता ती सुटली. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. तो सुटल्यासारखा दिसत नव्हता. ती काहीतरी मोजत होती.

"डबे ओतलेत ते रविवारी?" तिने मास्तरला विचारलं.

"हो."

"सकाळी?"

"दहाच्या सुमारास."

"म्हणजे बाटली त्याच वेळी भरलीत. नंतर पाणीच नव्हतं त्यांच्यात."

मी तिच्याकडे बघत राहिले. हे मी जुळवलंच नव्हतं. पंधरा तारीख चिठ्ठीवर होती आणि मी तीच धरून चालले होते. बाटली बारा तारखेपासून त्याच्याकडे होती. तेव्हा कुठलं घर ते ठरलेलंही नव्हतं, नुसती ठेवली होती, लागेल म्हणून.

"कुणासाठी भरलीत?" तिने विचारलं.

"कुणासाठी असं नाही," मास्तर म्हणाला. "कुणी दगावलं तर... वरून विचारणा होते."

"रविवारी दुपारी तिचा ताप उतरला," इस्त्रीवाली म्हणाली. ती आता मास्तरशी बोलत नव्हती, सगळ्यांना सांगत होती. "मला वाटलं बरी झाली. मी तिचे केस धुतले. ती चालत खाली आली, ह्या पायरीवर बसली. सोमवारी संध्याकाळी पोट दुखायला लागलं, हातपाय गार पडले, तेव्हा दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, ताप उतरल्यावरच धोका असतो ह्यात, कालच आणायला हवी होती. मला कुठे माहीत होतं की हा तो ताप आहे? साधा म्हणाले होते. ह्या मास्तरांना माहीत होतं. त्या बाकावर कोण कोण बसलं, ते केंद्राच्या वहीत लिहिलेलं असतं. रविवारी नुसतं कुणी येऊन सांगितलं असतं तर." ती थांबली. "वाचली असती का?"

मास्तर माझ्याकडे बघायला लागला. मी त्याच्याकडून नजर काढून घेतली. ह्याचं उत्तर त्यानेच द्यायचं होतं.

"बहुतेक," तो म्हणाला. "वेळेवर सलाइन लावलं तर बहुतेक वाचतात."

जाऊ येऊन इस्त्रीवालीच्या शेजारी पायरीवर बसली. मी मास्तरच्या हातातून कागद घेतला आणि सहीच्या वर राहिलेल्या जागेत एक ओळ लिहिली. पर्यवेक्षकास बारा तारखेला ठाऊक होते, रुग्णांना कळवले नाही, त्या दिवशी मुलगी घरी चालतीफिरती होती. कागद परत त्याच्यासमोर धरला. त्याने खाली पुन्हा सही केली.

एवढ्यात गल्लीच्या तोंडाशी तिचा नवरा दिसला. रात्रपाळी करून डेपोतून येत होता, हातात डबा, कपड्यांवर ग्रीस. एवढी माणसं बघून तो लांबच थांबला. कुणीतरी त्याच्या कानाशी लागलं, तसं तिने हात वर करून त्या माणसाला गप्प केलं. तिला ते दुसऱ्याच्या तोंडून सांगायचं नव्हतं.

"पहिल्यापासून वाचा," ती मास्तरला म्हणाली. "ह्यांना उशीर झाला."